जागच्या जागी

उंबरा ओलांडून मथुराने पाय टाकला आणि तो कशावर तरी सणकन आपटला. नडगीत कळ गेली. हातातली मासळीची पिशवी तिने सोडली नाही. दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं. बाक. तिच्या वडिलांच्या वेळचा लाकडी बाक. इतकी वर्षं पडवीच्या भिंतीला पाठ लावून गुमान बसलेला हा बाक आज दाराच्या तोंडाशी येऊन आडवा पडला होता.

"तुका हयसर येवक कोणी सांगल्यान रे?" तिने बाकालाच दरडावलं आणि वळसा घालून ती आत गेली.

स्वयंपाकघराच्या दारामागे पाण्याची कळशी असायची. आज दारातून आत शिरते न शिरते तोच तिचं कोपर कळशीला लागलं. कळशी गडगडत गेली, पाणी सगळीकडे पसरलं. मथुरा घसरता घसरता चौकटीला धरून उभी राहिली. पिशवी मात्र हातातून सुटली. ओल्या लादीवर बसून ती एकेक बांगडा शोधायला लागली. एक तर पार गॅसच्या ओट्याखाली गेला होता. तो हाताला लागेपर्यंत तिच्या मनात येऊन गेलं: मी दुसऱ्याच कोणाच्या घरात तर शिरले नाही?

तेवढ्यात मागे कोणीतरी घसा साफ केला.

"कोण आसा?"

ती हातातला बांगडा घट्ट धरून वळली.

"कोण आसा म्हणान इचारतंय मी!"

"मी गो, अक्का. हरी."

हरिश्चंद्र, तिचा धाकटा भाऊ. ओरोसहून यायचा होता, पण तो दुपारच्या गाडीने येईल असं ती धरून चालली होती.

"कधी इलंस?"

"मगाशीच. सकाळच्या गाडयेन."

"आणि गप बसान रवलंस?"

"म्हटला, बघूया अक्का कशी वावरता ती."

"बघलंस?"

"बघलंय," हरिश्चंद्र म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मथुराला संताप आला. नडगीपेक्षा हे जास्त लागलं. "आंधळ्या माणसाच्या घरात आवाज न करता बसणा म्हणजे चोरीच ती, हरी," ती म्हणाली आणि बांगडे घेऊन मोरीकडे वळली.

तोंडवलीच्या त्या किनाऱ्यावरच्या वाडीत हे कोणी केलं नसतं. मथुराचे डोळे शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून तिच्या अंगणात पाय टाकणारा प्रत्येकजण आधी आपलं नाव सांगायचा. "मी सुगंधा गो." "मी बाळा." ही सवय अंगात इतकी मुरली होती की शेजारची सुगंधा एकदा मालवणात दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरांच्या दारात उभी राहून "मी सुगंधा गो" म्हणाली होती. वाडी तिला त्यावरून अजून चिडवते.

बाळा म्हणजे रापणीचा तांडेल, ओढणाऱ्यांचा म्होरक्या. किनाऱ्यावरून समुद्रात जाळं टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून दोर धरून ते ओढायचं, ती रापण. जुना झालेला दोर बाळाने मथुराच्या अंगणापासून सुरूच्या बनातून थेट वाळूपर्यंत झाडांना बांधून दिला होता. तो धरून मथुरा आपली आपण किनाऱ्यावर जायची. एकदा कोणा पर्यटकांनी त्यावर ओले टॉवेल वाळत घातले, तर बाळाने ते टॉवेल काढून त्यांच्या गाडीच्या टपावर पसरले होते. किनाऱ्यावर मथुरा ओढणाऱ्यांच्या मागे बसून येणारा ओला दोर गुंडाळायची. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा, हा रापणीचा जुना कायदा. मथुरासाठी म्हणून तो कोणी केला नव्हता. वाटा घेऊन ती घरी येई, निवडी, शिजवी, खाई. गॅसची टाकी बाळा आणून लावायचा, बँकेत सुगंधा बरोबर यायची. सुगंधाची मासळी अंगणात सुकत पडली की कावळ्यांवर कान ठेवायचं काम मथुराचं. कोण कोणाला मदत करतं, हा प्रश्न वाडीत कोणाला पडला नव्हता. तो पडला ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या हरिश्चंद्राला.

त्याचंही चुकत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आई गेली. जाताना तिने मुलाचा हात धरून सांगितलं होतं, मथुराला एकटी सोडू नको. हरिश्चंद्र कचेरीतला माणूस. टेबलावर आलेलं काम निकालात निघेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आईचा शब्द त्याच्या मनात तसाच अडून होता. परवा त्याने फोन केला होता, "आंगणेवाडीच्या जत्रेक रजा घेतलंय. जाताना तुका घेवन जातलंय."

"आधी ये," मथुरा म्हणाली होती. "मी कशी रवतंय ता बघ. मगे बोल."

"बघतंय. पण माका दिसला की तुका एकटीक जमणा नाय, तर मगे तू वाद घालूचंस नाय. शब्द दी."

"दिलंय."

शब्द द्यायला तिला काहीच वाटलं नव्हतं. स्वतःच्या घरात स्वतः कशी वावरते हे दाखवायचं, त्यात काय मोठंसं! फोन मोठ्या आवाजात लावलेला, त्यामुळे शेजारी बसून कोलंबी सोलणाऱ्या सुगंधाने सगळं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं.

आणि आज हा असा दिवस उगवला.

"हरी, बाक तू सरकवलंस?"

"मी कित्याक सरकवू? मी इलंय तेव्हापासून हात सुदीक लावूक नाय."

तो खोटं बोलणारा नव्हता. मग कोणी? वाडीतलं माणूस तिच्या घरातला पाटसुद्धा विचारल्याशिवाय हलवत नसे. सकाळी निघण्याआधी झाडलोट करताना बाक तिनेच ओढला होता, हे तिला आठवलं. परत मागे सारला होता ना? सारला असणार. की नव्हता?

"च्या करतंय," ती म्हणाली. हाताला काम पाहिजे होतं.

ओट्यावर पातेलं नव्हतं. ते शोधायला तिला सगळी फळी चाचपावी लागली. लायटर खिळ्याला नव्हता. ती भिंतीवर हात फिरवत राहिली, खिळा सापडला, लायटर नाही. शेवटी हरिश्चंद्र उठला आणि त्याने काही न बोलता लायटर तिच्या तळहातावर ठेवला. तो काही बोलला असता तर तिने दोन शब्द सुनावले असते. हे गुपचूप देणं तिला सोसेना. साखरेचा डबा नेहमीच्या जागी हाताला लागला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिने दोन चमचे जास्तच घातले.

दोघं बसली. हरिश्चंद्राने कप तोंडाला लावला आणि तो पीत राहिला. मथुराने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हरी, च्या खारट आसा."

"आसू दे."

"तू प्यालंस?"

"प्यालंय."

"सगळी?"

"अक्का, आसू दे गो."

मीठ खालच्या फळीवर असतं आणि साखर वर. सकाळी चहा झाल्यावर तिने दोन्ही भरली होती. म्हणजे भरताना चुकली. बाक तसाच राहिला, कळशी भलत्याच ठिकाणी ठेवली, लायटर कुठे ठेवला ते आठवत नाही. तिला आई आठवली. शेवटच्या वर्षात आई असंच करायची. तांदूळ पाण्याच्या हंड्यात ओतायची, स्वतःच्याच पडवीत उभी राहून माझं घर कुठे म्हणून विचारायची. डोळे नसले तरी मथुराचं सगळं घर तिच्या डोक्यात होतं. आता ते डोक्यातूनच निसटायला लागलं असेल, तर मग तिच्याकडे उरलं काय? ती घाबरली. 

"अक्का," हरिश्चंद्र हळू म्हणाला, "मी सांगूचंय नाय. तूच सांग."

बाहेर सुरूच्या बनात वारा सुटला होता. 

"येतंय," ती म्हणाली.

हरिश्चंद्राला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो नुसता "बरा" म्हणाला आणि नाक ओढत उठला. त्याने आपल्या सामानातून एक नवी पिशवी काढली. चेनची, मऊ कापडाची. त्याच्या बायकोने, रसिकाने, मुद्दाम अक्कासाठी म्हणून घेतली होती. कपाट उघडून तो साड्या पिशवीत भरायला लागला. मथुरा पाटावर बसून चेनचा आवाज ऐकत राहिली.

"मी सुगंधा गो!" अंगणातून हाक आली. पाठोपाठ टोपली टेकल्याचा आवाज आणि मग सुगंधा स्वतः आत. "इलो काय गो भाव? अरे हरी! बरो आसंस मा? मगे, कसा वाटला घर?"

हरिश्चंद्राने हातातली साडी पिशवीत कोंबली.

"सांग मा! वायच तरी वळख लागता काय? सकाळधरना आम्ही चौगीजणी राबतंव. मथुरा रापणीक गेली काय आम्ही घुसलंव. भांडी घासलंव, फळये पुसलंव, डबे सगळे एका वळीत लावलंव. बाक पुढे घेतलंव, म्हटला पाव्हणो इलो तर दारातच बसाक बरा. मथुरा, एवढा फिनेल ओतलंव गो, तुका वास सुदीक येवक नाय?"

"माका सर्दी झाली आसा," मथुरा म्हणाली.

एवढं बोलून ती थांबली. मग पाटावरून उठली, आणि पुन्हा बसली. मग हसायला लागली. सुगंधाला वाटलं की ती खूश झाली, म्हणून तीही हसली. पण मथुराचं हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा ती रडत होती.

"सुगंधा, माझे डोळे गेले तेव्हा नाय तेवढा आज भियालंय गो मी. माका वाटला माझा डोक्या गेला. आयेसारख्या झाला माझा. मी ओरसाक जावक तयार झालंय!"

सुगंधाने भरलेली पिशवी पाहिली, लादीवरचं पाणी पाहिलं, हरिश्चंद्राचं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं. ती मटकन खाली बसली. इतकी वर्षं जिने ह्या घरातला तांब्या विचारल्याशिवाय उचलला नव्हता, तिने आज हरिश्चंद्राला घर कसं दिसेल एवढाच विचार केला होता. भावाने येऊन नावं ठेवू नयेत, अक्काला नेऊ नये, म्हणून चौघींनी जिवाचा आटापिटा केला, आणि मथुराला तिच्याच घरात परकी करून ठेवलं.

"जळो माझे हात ते," सुगंधा म्हणाली. "तुका किनाऱ्यार येवन सांगणार होतंय गो. पण मासळीचो लिलाव लागलो, थयच अडाकलंय. हरी, हिची कायव चूक नाय. आमची आसा. तू माका काय बोलूचा ता बोल."

तिने दारात जाऊन बाकीच्या तिघींना हाका मारल्या. त्या आल्या, त्यांच्या मागोमाग बाळाही आला. क्षणात घर भरलं आणि घर पहिल्यासारखं लावायला सगळ्यांनी एकच गर्दी केली. बाळाने बाक उचलला आणि मधेच उभा राहिला.

"ह्यो खंयच्या भितीक होतो?"

"त्या."

"नाय गो, ह्या! खिडकीखाली."

"खिडकीखाली पेटी होती, बाक खंयचो!"

डब्यांवरून तर भांडणच लागलं. रोज ह्या घरात येणारी माणसं, पण कुठली वस्तू कुठे होती हे एकालाही धड सांगता येईना. बघायला डोळे होते, म्हणून लक्षात ठेवायची गरज कधी कोणाला पडली नव्हती. मथुरा ऐकत होती. हळूहळू तिच्या मनातली भीती ओसरली. कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाची चूक तिला ऐकता ऐकता कळत होती. घर तिच्या डोक्यात होतं तसंच होतं. तिथली एक वस्तूही हलली नव्हती.

तिने पदराने नाक पुसलं. "गप रवा सगळी! बाजार मांडलास काय? एकेक वस्तू घेवा, माझ्या हातात देवा, आणि इचारा."

मग ती स्वयंपाकघराच्या मधोमध पाट घेऊन बसली आणि तिच्यासमोर तिचं घर एकेक करून यायला लागलं.

"ह्या खंय?"

"किसणी मा? मोरयेच्या वर, खिळ्याक."

"ह्यो?"

"मिठाचो. खालच्या फळयेर, पार कोपऱ्यात. साखरेपासून लांब. आज काय झाला ता बघलास मा?" कोणीतरी खुसकन हसलं. "आणि हसा नको. माझो भाव खारट च्या प्यालो. अखंड कप."

तिचा आवाज चढत गेला. फळीवर डबा जरा पुढे राहिला तर ठेवण्याच्या आवाजावरून ती ओळखायची आणि मागे सारायला लावायची. सुगंधा दोनदा बोलणी खाऊन तिसऱ्यांदा नीट ठेवून आली. बाळाने बाक भिंतीला लावला. मथुरा उठली, बाक हाताने पाहिला आणि तो बोटभर सरकवायला सांगितला. बाळाने तेवढाही सरकवला.

हरिश्चंद्र आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. शेवटी तो वाकला आणि उपडी पडलेली कळशी त्याने उचलली.

"अक्का, कळशी खंय?"

"दाराच्या मागे. भितीक टेकान ठेव."

त्याने ठेवली. पण तो परत वळला तेव्हा त्याच्या मनातलं ओठांवर आलंच. "अक्का, आज ह्यांनी चुकून हलवलांनी. फाल्या आणि कोण हलवतलो. तेव्हा मी थंय आसतलंय, ओरसाक."

"हलवतले. मी खेकसतलंय. आणि ते परत ठेवतले."

"आयेक मी शब्द दिलंय गो. तुका एकटी सोडूचंय नाय म्हणान."

"मगे?" मथुरा म्हणाली. "मी एकटी खंय आसंय रे?"

घरात कोणी पातेलं, कोणी पाट, कोणी चहाची गाळणी धरून उभं होतं.  हरिश्चंद्राने सगळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुझ्यासाठी खोली केलंय," तो म्हणाला. "मोरीत भितीक दांडी बसवलंय. धरूक बरी पडात म्हणान."

मथुराला एकदम भरून आलं. ह्याला लहानपणी खिळा ठोकता येत नव्हता. "खंयच्या हाताक बसवलंस?"

"उजव्या."

"बरा केलंस," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हरी, मी तुका शब्द दिलंय. तुका माझा एकटीक जमणा नाय असा वाटला तर मी वाद घालूचंय नाय. अजून घालणय नाय. तू सकाळधरना बघतंस. आता तूच सांग. वाटता तुका तसा?"

सुगंधाच्या हातातली गाळणी भांड्यावर आपटली. बाळा दारातून आत सरकला. हरिश्चंद्र खोटं बोलणारा नव्हता हे वाडीलाही ठाऊक होतं, म्हणूनच सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.  मथुराला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याची पावलं तिच्यापासून लांब गेली, आतल्या खोलीत. चेन उघडल्याचा आवाज आला. पावलं परत आली आणि तिच्या मांडीवर मऊ, घडी घातलेलं काहीतरी येऊन पडलं.

"अक्का," हरिश्चंद्र म्हणाला, "ही लुगडी खंय ठेवू?"

"कपाटात," ती कशीबशी म्हणाली. "वरच्या कप्प्यात. सुती डाव्या हाताक."

त्याने एकेक साडी नेऊन ठेवली. दुसरं कोणी पुढे झालं नाही. ते काम त्याचं आहे हे सगळ्यांना कळलं होतं. साड्या संपल्यावर तो रिकामी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आणि ही?"

"काय ती?"

"पिशवी. रसिकान तुझ्यासाठी घेतल्यान."

मथुराने हात पुढे केला. कापड बोटांनी चाचपलं, चेन इकडून तिकडे ओढून पाहिली. मऊ होतं कापड. रसिकाने निवडून घेतलं असणार. पिशवी मांडीवर पसरून तिने कोपऱ्याला कोपरा जुळवला, दुमडली, पुन्हा दुमडली, आणि तळहाताने दाबून सपाट केली.

"रसिकाक सांग, बरी आसा म्हणान. जत्रा झाल्यार मी चार दिस रवाक येतंय, तेव्हा तुमच्या घराकडसून ती घेवन ये माका न्हेवक," ती म्हणाली. "तोवर ती थंयच बरी."

घडी घातलेली पिशवी तिने भावाच्या हातात ठेवली. ती त्याने घेतली, तरी मथुराने त्याचा हात सोडला नाही. तो धरून ती बराच वेळ बसून राहिली, आणि तोही वाकलेला तसाच उभा राहिला.